तुतीच्या बांधावर ड्रोन

भोकरदन तालुक्यातल्या एका ताईंचे पत्र आले आहे. नाव छापू नका असे त्यांनी लिहिले आहे, म्हणून देत नाही. पत्र चार पानी आहे, त्यातला मुद्द्याचा भाग असा:

“ताई, आमचे पाच एकर रान आहे. तीन एकर कपाशी आणि दोन एकरांत सोयाबीन-तूर. सोयाबीन निघाले, तूर उभी आहे, आता कळी धरेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कपाशीत पंप मारून आल्यावर ह्यांना गरगरले, उलट्या झाल्या, डोळ्यांपुढे धूसर दिसू लागले. दोन दिवस दवाखान्यात होते. आता ते पंपाला हात लावायचा नाही म्हणतात आणि मजूर मिळत नाही. गावात ड्रोनवाला येतो, एकराला पाचशे घेतो. धाकटे दीर म्हणतात, तूर-कपाशीला त्याच्याकडूनच मारू आणि पुढच्या वर्षी तणनाशकही ड्रोननेच, खुरपणीचा खर्चच नको. पण आमच्या पश्चिमेच्या बांधाला लागून चुलत सासऱ्यांची एकरभर तुती आहे, रेशमाचे शेड आहे. ते म्हणाले, माझ्या अळ्या मेल्या तर दावा लावीन. ड्रोनवाला म्हणतो, पावसाळ्यात दोनदा शेजारी मारले, काही झाले नाही. शिवाय आमच्या बचत गटाला ड्रोन घ्या म्हणून सांगताहेत, आणि माझा मुलगा बारावी झाला, त्याला पायलटचा कोर्स करायचा आहे. काय करावे?”

ताई, पत्र वाचून आधी तुमच्या घरधन्यांची काळजी वाटली, म्हणून ड्रोनच्या आधी त्यांचेच बोलते. फवारून आल्यावर गरगरणे, उलट्या आणि धूसर दिसणे हे तिन्ही एकत्र आले तर ऊन लागले म्हणून सोडून देऊ नये. औषध अंगात गेलेले असण्याची शक्यता फार मोठी असते. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस ही ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधे. त्यांच्यामुळे रक्तातले कोलिनेस्टरेज नावाचे द्रव्य खाली जाते आणि ते पूर्ववत व्हायला आठवडे, कधी कधी महिने लागतात. तोवर थोडासा वास, थोडासा शिंतोडा एवढ्यानेही माणूस पुन्हा आडवा होऊ शकतो. त्या दिवशीची बाटली टाकून दिली नसेल तर तिच्यावरचे नाव लिहून घ्या, ते डॉक्टरांना दाखवा आणि ही रक्ततपासणी करायची का ते विचारा. तपासणी होईपर्यंत त्यांना फवारणीच्या जवळ उभेसुद्धा राहू देऊ नका. ड्रोन आला म्हणून औषध कालवायला त्यांना बसवाल, तर तेही नको. का ते पुढे सांगते.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात पडले. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढली होती. माणूस पंप पाठीवर घेऊन ओळीत शिरला की फवारा त्याच्या तोंडावर, छातीवर, घामाने भिजलेल्या सदऱ्यावर बसायचा आणि तो त्याच ओल्या फवाऱ्यातून पुढे चालत राहायचा. ड्रोनचा खरा उपयोग मला इथे दिसतो. पाणी वाचते, वेळ वाचतो, एकर सात-आठ मिनिटांत होतो, हे सगळे आहेच. पण फवाऱ्यात माणूस नसतो, ही गोष्ट माझ्या लेखी या सगळ्यापेक्षा मोठी आहे. त्यामुळे ड्रोन हे खूळ आहे, असे मी म्हणणार नाही. दिरांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे.

तुरीला ड्रोन जरूर आणा. नोव्हेंबर-डिसेंबरात तूर माणसाच्या वर जाते, फांद्या एकमेकींत गुंततात, आत शिरले की फुले झडतात आणि पंपाची नळी शेंड्यापर्यंत नीट पोचत नाही. शेंगा पोखरणारी अळी असते नेमकी वरच्या फुलांत आणि कोवळ्या शेंगांत. वरून येणारा फवारा तिथेच आधी पडतो. शिवाय पंख्यांच्या वाऱ्याने शेंडे हलतात, पाने उलटतात, त्यामुळे थेंब थोडे आतही जातात. उंच आणि दाट उभ्या पिकासाठी, म्हणजे तूर, मोठा ऊस, मका यांसाठी, ड्रोनइतके सोयीचे दुसरे साधन मला तरी माहीत नाही.

पण मापाचे बघा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि नुकसान झाले की नाव ड्रोनचे निघते. आपल्याकडे औषधाचे माप ‘पंपाला किती’ असे तोंडात बसले आहे. दुकानदारही तसेच सांगतो. आता हेच धरा, तुरीवरच्या अळीसाठी एमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के हे दाणेदार औषध १० लिटर पाण्याला साधारण ४.४ ग्रॅम सांगतात. एकराला २०० लिटर पाणी धरले तर एकरी ८८ ग्रॅम होतात. ड्रोनची टाकी १० लिटरची आणि त्या एका टाकीत एकर उरकतो. मग टाकीत किती टाकायचे? पूर्ण ८८ ग्रॅम. सवयीने कोणी ‘१० लिटरला साडेचार’ असे टाकले तर एकराला औषधाचा विसावा भाग मिळतो, अळी हसत-खेळत राहते आणि पुढच्या वर्षी तिला तेच औषध कमी लागू पडते. उलट ‘पाणी कमी आहे, जरा जास्तच टाकू’ म्हणून कोणी दीडशे ग्रॅम ओतले तर पाने करपतात. त्यामुळे ड्रोनसाठी माप विचारताना पंपाचे विचारूच नका, एकराचे विचारा आणि दुकानदाराला ते बिलाच्या मागे लिहून द्यायला सांगा. तुमची तूर दोन एकर आहे, म्हणजे दोन टाक्या. प्रत्येक टाकीचे औषध आदल्या रात्री घरी मोजून वेगळ्या पुडीत बांधून ठेवा. बांधावर घाईत मोजायला गेले की हमखास चुकते.

याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघते. २०० लिटरचे पाणी १० लिटरवर आले म्हणजे टाकीतले द्रावण वीसपट जहाल झाले. ड्रोन उडवणारा लांब उभा असतो, पण बादलीत औषध कालवणारा, टाकी भरणारा, बंद पडलेले नोझल काढून साफ करणारा माणूस या वीसपट जहाल पाण्याजवळ असतो. यवतमाळचा धोका इथे त्या एका माणसावर येऊन बसतो. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, तोंडाला चांगला मास्क, पुढून प्लास्टिकचा एप्रन, एवढे त्याच्याकडे असलेच पाहिजे. काठीने ढवळायचे, हाताने कधीच नाही. नोझल तोंडाने फुंकायचे नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण मी स्वतः माणसांना ते करताना पाहिले आहे. म्हणून म्हटले, तुमच्या घरच्यांना कालवायला बसवू नका.

औषधांची खिचडीही करू नका. पंपात लोक कीटकनाशक, बुरशीनाशक, वर टॉनिक आणि एकोणीस-एकोणीस या विद्राव्य खताची पुडी असे सगळे एकत्र टाकतात. २०० लिटर पाण्यात ते बऱ्याचदा निभावून जाते. १० लिटरमध्ये निभत नाही. एकराला किलोभर विद्राव्य खत १० लिटरमध्ये विरघळवले तर ते दहा टक्क्यांचे पाणी झाले. कोवळा शेंडा त्याने भाजतो. दोन औषधे एकत्र करायचीच असतील तर आदल्या दिवशी काचेच्या बरणीत त्याच प्रमाणात थोडे कालवून अर्धा तास ठेवा. दूध नासल्यासारखे फुटले, खाली गाळ बसला, वर तेलकट थर आला किंवा बरणी हाताला गरम लागली तर ते टाकीत घालायचे नाही. पाणीही बोअरचे खारट घेऊ नका, विहिरीचे किंवा साठवलेले गाळून घ्या. ड्रोनच्या नोझलचे छिद्र इतके बारीक असते की चिमूटभर गाळाने एक बाजू बंद पडते आणि रानात पट्टाच्या पट्टा कोरडा राहतो. वरून ते कळतसुद्धा नाही.

आता तणनाशकाचे. इथे मी दिरांच्या विरुद्ध आहे आणि त्याला घरचे कारण आहे. माझे माहेर गेवराई तालुक्यात. दोन वर्षांपूर्वी भावाने कपाशीवर तुडतुड्यांसाठी भाड्याचा ड्रोन आणला. औषध बरोबर, माप बरोबर, वारा नव्हता. सातव्या-आठव्या दिवशी त्याचा फोन आला, “ताई, कपाशीला भेंडीची पाने फुटलीत.” मी गेले. खालची जुनी पाने अगदी नेहमीसारखी, रुंद. वरचा शेंडा मात्र बोटांसारखा चिरलेला, पाने लांबट, शिरा एकमेकींना चिकटल्यासारख्या उभ्या, पाते, म्हणजे फुलाची कळी, पिवळे पडून खाली पडलेले. ज्याने एकदा पाहिले तो विसरत नाही. ते टू-फोर-डी तणनाशकाचे लक्षण. भावाने तर तणनाशक विकतही घेतले नव्हते. खोदून विचारल्यावर कळले की त्याच ड्रोनने आदल्या दिवशी एका उसात टू-फोर-डी मारले होते आणि टाकी नुसती एकदा पाण्याने विसळली होती. टाकीच्या तळाशी, नळीत आणि गाळणीत जे काही उरले होते, तेवढे कपाशीला पुरले. कपाशी आणि द्राक्ष या दोन पिकांना टू-फोर-डीचा एवढासा अंशही सोसत नाही. झाडे मेली नाहीत, नंतर नवी फूट आली, पण पहिली वेचणी जवळपास गेली.

त्यामुळे ड्रोनवाला बांधावर उतरला की त्याला पहिला प्रश्न विचारायचा, “काल काय मारले आणि कुठे?” तणनाशक म्हणाला तर सरळ परत पाठवा. पाचशे रुपये वाचवायला जाऊ नका. तणनाशकाची टाकी, नळ्या, नोझल वेगळी असावीत, हा एकच खात्रीचा उपाय आहे. ते नसेल तर निदान तीनदा साबणाच्या पाण्याने, प्रत्येक वेळी नोझलमधून पाणी सोडत धुतलेले तुमच्या डोळ्यांसमोर व्हायला हवे. ते धुवणही नाल्यात किंवा विहिरीजवळ नाही, पडीक कोपऱ्यात.

शेजाऱ्याच्या टाकीचे सोडा, स्वतःच्या रानातही ड्रोनने तणनाशक मला पटत नाही. तुमची पिके शेजारी-शेजारी आहेत. सोयाबीन-तुरीत चालणारे इमॅझेथापायर कपाशीला चालत नाही. पंपाने मारताना माणूस नळी खाली धरतो, ओळ संपली की खटका सोडतो, नोझलला हूड, म्हणजे फवारा बाजूला जाऊ न देणारी टोपी, लावता येतो. ड्रोन तेच पाणी सहा-आठ फुटांवरून सोडतो. उगवणीपूर्वीचे तणनाशक तर जमिनीवर सलग ओला थर बसला तरच काम करते, त्यासाठी पाणी भरपूर लागते, आणि १० लिटरमध्ये तो थर एकसारखा बसत नाही. ग्लायफोसेटचा विचार कोणी डोक्यात घालत असेल तर तो काढून टाका. ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेने ते फक्त कीडनियंत्रण परवानाधारकांमार्फतच वापरायला परवानगी ठेवली आहे, आणि उभ्या कपाशीत, सोयाबीनमध्ये ते लेबलवर कधीच नव्हते. खुरपणीचा खर्च जड जातो हे मी जाणते, बाई मिळेनाशी झाली आहे हेही पाहते. तरी पाच एकराला वेळेवर दोन कोळपण्या, ओळीत एक खुरपण आणि जिथे अगदीच गवत माजले तिथे हूड लावून पंप, हेच करा. पंप मारणारा माणूस मात्र तुमच्या घरातला आजारी माणूस नको.

तुतीचा प्रश्न मी मुद्दाम नंतर घेतला, कारण त्यावर मी सगळ्यात जास्त विचार केला.

चुलत सासरे रागाने बोलले असतील, पण त्यांची भीती खरी आहे. रेशमाची अळी ही शेवटी अळीच आहे. तुरीवरच्या अळीला जे मारते ते तिला आधी मारते. तुतीच्या पाल्यावर औषधाचा जो अंश आपल्याला दिसणारही नाही, तेवढ्याने अळ्या डोके वर करून झुलतात, तोंडातून हिरवट पाणी टाकतात, आखडतात आणि दोन दिवसांत रॅकच्या रॅक रिकामा होतो. क्लोरअँट्रानिलीप्रोलसारख्या औषधाचा अंश तर पाल्यावर बरेच दिवस टिकतो. आणि ‘जैविक आहे, काही होत नाही’ म्हणून कोणी बीटी या जिवाणूची पावडर सुचवली तर तीही तिथे चालत नाही. बीटी अळ्यांसाठीच बनवलेली आहे, मग ती कुठलीही अळी असो. अंड्यापासून कोषापर्यंतचे पंचवीस-अठ्ठावीस दिवस त्या घराने रात्रीही पाला घातलेला असतो. जालन्याच्या कोष बाजारात जे पैसे मिळतात ते त्या महिनाभराचे. एका सकाळच्या फवाऱ्याने ते गेले तर दावा लावायची वेळ येईल यात नवल काय?

ड्रोनवाला म्हणाला, पावसाळ्यात दोनदा मारले, काही झाले नाही. ते खरे असेल. पण तुती तुमच्या पश्चिमेला आहे ना? पावसाळ्यात आपला वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. म्हणजे तो तुतीवरून तुमच्या रानाकडे वाहत होता. दसऱ्यानंतर वारा फिरतो. आता तो पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो. तुमच्या तुरीवरून थेट त्यांच्या तुतीकडे. ऑगस्टमध्ये झाले नाही म्हणून नोव्हेंबरमध्ये होणार नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही.

फवाऱ्याचा थेंब किती लांब जातो याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब देते. १०० मायक्रॉनचा थेंब, म्हणजे जवळजवळ केसाच्या जाडीचा, दहा फुटांवरून खाली यायला साधारण दहा सेकंद घेतो. ताशी पाच किलोमीटरची झुळूक असली, जी आपण ‘वारा नाही’ यातच धरतो, तरी तेवढ्या वेळात तो चाळीसेक फूट बाजूला जातो. ४०० मायक्रॉनचा जाड थेंब दोन सेकंदांत खाली येतो आणि आठ-नऊ फुटांच्या आतच पडतो. पंख्यांचा वारा मधल्या थेंबांना खाली दाबतो हे खरे, पण कडेचे थेंब तोच वारा गोल फिरवून वर उचलतो. म्हणून ड्रोनवाल्याला जाड थेंबाचे नोझल लावायला सांगा, पिकाच्या शेंड्यापासून दोन-अडीच मीटरच्या वर जाऊ देऊ नका आणि वेग कमी ठेवायला लावा. जास्त एकर उरकायच्या नादात तो वर चढवतो आणि पळवतो. तुमचे पाचशे रुपये कशासाठी आहेत हे त्याला आधी सांगून ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून सुरुवातीला मलाही उलटी वाटली होती. हिवाळ्यातल्या पहाटे पान हलत नाही, तेव्हा लोकांना वाटते फवारणीला हीच उत्तम वेळ. तशी ती नसते. थंडीत जमिनीजवळची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे खालची हवा वर जात नाही. तुमच्या वस्तीवर पहाटे चूल पेटली की धूर सरळ वर न जाता छपराच्या उंचीवर आडवा पसरून राहतो, शिवारभर निळसर पट्टा दिसतो, तो त्यामुळेच. बारीक थेंबही तसेच लटकत राहतात आणि जिथे उतार असेल तिथे सावकाश सरकतात. तुतीचे रान तुमच्यापेक्षा सखल असेल तर ते तिथेच जाऊन बसतील. फवारणीच्या दिवशी बांधावर मूठभर काडीकचरा पेटवा आणि धूर बघा. आडवा पसरला तर थांबा. ऊन चढून तो वर जायला लागला, आणि पश्चिमेकडे झुकत नसला, तरच ड्रोन उठू द्या. फांद्या डोलायला लागल्या की बंद. असा अवधी सकाळी तासाभराचा मिळतो, तुमच्या दोन एकराला तेवढा खूप झाला. तूर फुलात असताना मधमाश्याही सकाळी वर चढलेल्या असतात. मी असते तर तुमच्या रानात संध्याकाळची वेळ आधी पाहिली असती, ऊन उतरताना पण गारवा बसायच्या आत, धुराची तीच परीक्षा करून.

तुतीकडच्या बाजूचा शंभर-सव्वाशे फुटांचा पट्टा ड्रोनला द्यायचाच नाही. तिथे हाताने मारा, तेही वारा तुमच्याकडे येत असेल तेव्हा, नाहीतर त्या पट्ट्यात अळ्या वेचा, तूर हलवून खाली चादर धरून पाडा. थोडी तूर कमी होईल, होऊ द्या. उरलेल्या रानात ड्रोनच्या फेऱ्या तुतीच्या बांधाला समांतर ठेवायला सांगा. बांधाच्या दिशेने जाऊन तिथे वळला तर प्रत्येक वळणाला पाणी पलीकडे पडते.

हे सगळे चुलत सासऱ्यांना आधी जाऊन सांगा. दिरांना पाठवू नका, तुम्ही स्वतः जा, शक्य तर सासूबाईंना सोबत घ्या. त्यांची बॅच कधी सुटते, म्हणजे अळ्या कोषावर कधी चढतात, ते विचारा. शेवटच्या आठवड्यात अळ्या सगळ्यात जास्त पाला खातात, तेव्हा फवारणी नकोच. बॅच निघाली आणि पुढची यायची आहे, त्या मधल्या आठ-दहा दिवसांत तुमची तूर बसवता आली तर दोन्ही घरांचे भले. अळीने तेवढी उसंत दिली नाही तर त्यांना दोन दिवस आधी सांगा, म्हणजे ते बांधाकडचा पाला आधी कापून घेतील. फवारणीनंतर त्या बाजूचा पाला सगळ्यांना घालण्याआधी पाच-पंचवीस अळ्यांना घालून एक दिवस बघायला सांगा. जाणते रेशीमवाले हे करतातच, पण तुमच्या तोंडून आले तर त्यांना कळेल की तुम्हाला त्यांच्या अळ्यांची काळजी आहे.

कपाशीबद्दल थोडक्यात. पीक लहान असताना, साठ दिवसांच्या आत, रसशोषक किडींसाठी ड्रोन ठीक काम करतो. पुढे झाड झाकले गेले की पांढरी माशी पानाच्या खाली आणि झाडाच्या मध्यावर बसते, तिथवर १० लिटर पोचत नाही. गुलाबी बोंडअळी तर बोंडात शिरल्यावर कोणाच्याच हाती लागत नाही. पोचते की नाही हे स्वतः बघायचे असेल तर पाण्याने रंग बदलणारे पिवळे कागद मिळतात, थेंब पडला की निळा ठिपका उमटतो. एका झाडाच्या शेंड्यावर, मध्यावर आणि बुडाशी, पानाच्या वर आणि खाली असे सहा कागद टाचा आणि नुसत्या पाण्याचा ड्रोन एकदा फिरवायला सांगा. बुडाचा कागद पिवळाच राहिला तर एकरी पाणी १५-२० लिटरपर्यंत वाढवायला लावा किंवा त्या फवारणीला ड्रोन नको म्हणा. आता तुमची वेचणी सुरू असेल. वेचणीच्या तोंडावर तर कुठलाच फवारा नको, वेचणाऱ्या बायांचे हात त्याच झाडाला लागतात.

कोणता ड्रोनवाला बोलवायचा? ड्रोन नियम २०२१ प्रमाणे त्या ड्रोनला नोंदणी क्रमांक हवा, उडवणाऱ्याकडे पायलटचे प्रमाणपत्र हवे आणि विमा हवा. तिन्ही कागद मोबाइलवर दाखवायला सांगा. दाखवत नसेल तर उद्या तुतीचे नुकसान झाल्यावर तो सापडणारही नाही आणि दावा तुमच्या दारात येईल. औषधाचेही तसेच. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राने आधीच नोंदणी असलेल्या ४७७ औषधांना ड्रोनसाठी दोन वर्षांची तात्पुरती मुभा दिली होती. तुम्ही घेणार ते औषध तुरीवर आणि ड्रोनने मारायला आज मान्य आहे का, हे बाटलीचे नाव दाखवून तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या. एक फेरी पडेल, पण पडू द्या.

बचत गटाचा प्रश्न मोठा आहे, घाईने सही करू नका. नमो ड्रोन दीदी योजनेत ड्रोनच्या संचाला ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये, अनुदान ठरले, बाकीचे गटाने कर्ज काढून भरायचे. देशभरात १५,००० गटांसाठी २०२३-२४ ते २०२५-२६ एवढीच तिची मुदत मांडली होती, तेव्हा तुमच्या नावावर खरेच मंजुरी आहे का, हे कागदावर पाहा. संचात जादा बॅटऱ्या, चार्जर, वारा मोजायचे यंत्र, पाण्याचा सामू मोजायचे यंत्र, वर्षाचा विमा अशा वस्तू धरलेल्या आहेत. एकेक मोजून घ्या. वारा मोजायचे यंत्र खोक्यातच राहिलेले मला दोन ठिकाणी दिसले. एक भरलेली बॅटरी दहा-पंधरा मिनिटे पुरते, म्हणजे शिवारात जनरेटर नाहीतर खात्रीची वीज लागते. बॅटरी कायमची टिकत नाही, नवी घ्यायला हजारो रुपये पडतात, ते पहिल्या वर्षापासून बाजूला काढावे लागतात. आणि वाहन? ड्रोन डोक्यावरून नेता येत नाही. पाऊस, वारा, धुके वजा जाता वर्षात फवारणीचे दिवस किती, आसपासच्या चार गावांत तूर-मका-ऊस किती एकर, दुसरे ड्रोनवाले किती, हे गटातल्या दोघी-तिघींनी वहीत मांडा. फक्त तुमच्या गावाच्या कपाशीवर तो ड्रोन पोसला जाणार नाही.

मुलाने कोर्स जरूर करावा. वय १८ पूर्ण आणि दहावी पास एवढी अट आहे, डीजीसीएची, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेल्या संस्थेतूनच प्रमाणपत्र मिळते आणि ते दहा वर्षे चालते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात असे प्रशिक्षण मिळते, खासगी संस्थाही पुष्कळ आहेत. त्यांतली कुठली निवडायची तर मान्यता आधी तपासा आणि फवारणीचा भाग वेगळा शिकवतात का ते विचारा. नुसते उडवायला शिकणे आणि औषध, थेंब, वारा समजणे यात फार फरक आहे. ज्याने माझ्या भावाची कपाशी घालवली त्याच्याकडे पायलटचे प्रमाणपत्र होते. तुमच्या मुलाला मात्र त्याच्या वडिलांचे दोन दिवस दवाखान्यातले आठवतात, शेजारच्या शेडमधल्या अळ्या त्याने लहानपणापासून पाहिल्या आहेत. असा मुलगा पायलट झाला तर मला तुमच्या गावासाठी बरे वाटेल. ड्रोन विकत घ्यायची गरज नाही, आधी एखाद्या अनुभवी माणसाबरोबर एक हंगाम सहायक म्हणून फिरू द्या, टाकी धुवायला लावा.

तुरीला कळी धरायला अजून थोडे दिवस आहेत. या रविवारी चुलत सासऱ्यांकडे जाऊन बॅचची तारीख विचारून या. आणि तुमच्या घरधन्यांच्या रक्ततपासणीचे काय आले ते मला कळवा, मी वाट पाहते.